एक सरळ शब्द लिहायला काय जातं?

आईला घाई होती. सत्तरी ओलांडलेलं माणूस, गुडघे धरलेले. मी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" समोरच्याने वर बोट दाखवलं. तिला धरून जिना चढलो, दार उघडलं, तर आत नळ आणि शॉवर. बास! पुन्हा जिना उतरायचा. तोवर तिचा चेहरा बघवत नव्हता. आणि हवं होतं ते संडासाचं दार खाली, जिन्याशेजारीच! त्यावर 'क्लोकरूम' लिहिलेलं. मी समजलो सामान ठेवायची खोली.

संताप येतो तो ह्याचा! रोज लागणाऱ्या जागेला इंग्रजीत सभ्य म्हणून जो शब्द घ्यावा, तो दुसऱ्याच कशाचं तरी पांघरूण निघतो. 'टॉयलेट' फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ कापडाचा लहान तुकडा. शृंगाराच्या मेजावर अंथरायचं कापड, मग तो शृंगार, मग शृंगाराची खोली, आणि शेवटी संडास. अत्तराच्या बाटलीवर अजूनही 'ओ द त्वालेत' छापतातच. बरं, ब्रिटनमध्ये टॉयलेट म्हणजे ती खोली, अमेरिकेत बहुतेकदा नुसतं भांडं. 'लॅव्हटरी'चं मूळ लॅटिनमधल्या धुण्यात. विमानात त्या दारामागे संडास असतो, पण अमेरिकेतल्या प्लंबरच्या भाषेत लॅव्हटरी म्हणजे हात धुवायचं बेसिन! 'कमोड' मुळात खणांचं कपाट. 'वॉटर क्लोजेट'मधलं क्लोजेट अमेरिकेत कपडे ठेवायला. तिथल्या घरांच्या जाहिरातीत 'हाफ बाथ' लिहितात, आणि त्यात अंघोळीची सोयच नसते. रेस्टरूमबद्दल तर बोलायलाच नको.

एक शब्द वापरून वापरून मळला की टाकायचा आणि दुसरा आणायचा, शतकानुशतकं हेच चाललंय. लाज कसली वाटते? पोट सगळ्यांनाच आहे ना? आणि आपणही तेच उचललं. 'संडास' म्हटलं की लोक नाक मुरडतात, 'वॉशरूम' म्हटलं की सुसंस्कृत! आईला वॉशरूम म्हणजे हात धुवायची जागा वाटते. शब्दाचा अर्थ तोच आहे, तिचं काहीही चुकत नाही.

ही लपवाछपवी निवांत माणसाला परवडते. ज्याला कळ आली आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या कडेवर लहान मूल आहे, त्याने दारादारावर शब्दांची कोडी सोडवत उभं राहायचं का?

त्या दिवसापासून आईला कुठे बाहेर न्यायचं असलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही.