आरशातले बापू

बापू गेले त्या रात्रीच तालमीतल्या पोरांनी ठरवलं, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फ्लेक्सला कारण लागत नाही. मग चाळीस वर्षं पेठेची डोकी करणाऱ्या माणसाचा एक तर लागायलाच पाहिजे. ग्रुपवर मेसेज आला, "बापूंचा चांगला फोटो असेल त्यांनी टाका." ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. तासभर कुणीच काही टाकलं नाही.

मीही शोधला. माझ्या लग्नात दाढी त्यांनीच केली, माझ्या पोराचं जावळ त्यांनीच काढलं. जावळाच्या फोटोत मामाच्या मांडीवर भोकाड पसरलेलं पोरगं आहे, आत्या आहे, नारळ आहे आणि कडेला एक हात आहे. मनगटावर एचएमटीचं घड्याळ, बोटांत कैची. बाकीचे बापू फोटोच्या बाहेर.

नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाक बापूच. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक बाकडं, समोर आरसा, मागच्या भिंतीवर कालनिर्णय. बाजूला संत सेना महाराजांची तसबीर. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी, त्या दिवशी तसबिरीला ताजा हार आणि आम्हा पोरांना मूठभर प्रसाद. लहान पोरगं आलं की खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची आणि त्यावर त्याला बसवायचं. ज्या दिवशी बापू फळी न टाकता नुसतं "बस" म्हणाले, त्या दिवशी मी मोठा झालो. शाळेचा दाखला काहीही म्हणो.

मानेवर ते हातमशीन चालवायचे. धार गेलेली असली की केस कापायच्या ऐवजी उपटायचं. "हलू नकोस रं" हे वाक्य मी आयुष्यात आईपेक्षा जास्त बापूंच्या तोंडून ऐकलंय. दाढीला तेव्हा वस्तरा होता, चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारून घ्यायचे आणि मग गालाला लावायचे. पुढं एड्सची भीती पसरली, गिऱ्हाइकं "नवीन ब्लेड घाला" म्हणायला लागली, आणि वस्तऱ्याच्या जागी अर्धं ब्लेड मोडून घालायचं हत्यार आलं. जुना वस्तरा मात्र खंडेनवमीला पाटावर निघायचा. हळदकुंकू लावून झालं की पुन्हा कपाटात.

पैलवानाचे केस कापणं हे वेगळं शास्त्र आहे, हे पेठेबाहेरच्यांना कळणार नाही. मोडलेला, गड्ड्यासारखा झालेला कान, त्याच्यामागून कैची फिरवायची आणि कानाला धक्का लागू द्यायचा नाही. बापू तिथं श्वास रोखायचे. आणि फुटबॉलचा सीझन! शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीचा सामना असला की बाकड्यावर दोन्हीकडची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली असायची. बापू कुणाचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "मान खाली घाल."

त्यांचं मूळ गाव पन्हाळ्याकडचं. वडील धोकटी काखेला मारून घरोघर जायचे आणि सुगीला बलुत्याचं भात आणायचे. पन्हाळ्याचा विषय निघाला की शिवा काशीद यायचेच. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा, महाराज विशाळगडाकडं निघाले आणि महाराजांच्या वेशात पालखीत बसून मरणाकडं गेला तो नेबापूरचा न्हावी. बापूंचं यावर स्वतःचं संशोधन होतं. "महाराजांसारखी दाढी कोरायची तर न्हावीच पाहिजे की! दुसऱ्या कुणाचं सोंग फाटकातच उघडं पडलं असतं." इतिहासकारांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं, मला पटलेलं आहे.

एकदा मी त्यांना वाचलेलं सांगितलं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मला वाटलं बापू खूश होतील. कैची थांबली. म्हणाले, "ते काम सोडल्यावर त्यांच्या घरात काय शिजलं, ते लिहिलंय का कुठं?" नव्हतं लिहिलेलं. मग थोड्या वेळानं, मी न विचारताच, ते बोलले. गावात काही वस्त्या होत्या, तिथल्या माणसांच्या डोक्याला त्यांचे वडील हात लावत नव्हते. "आम्हाला वर कोणतरी होतंच. तरी आम्ही खाली कुणाला तरी ठेवलंच." शहरात दुकान टाकल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवलं, दारातून येईल तो खुर्चीवर बसेल. हे सांगताना त्यांनी छाती फुगवली नाही. उशीर झालेल्या माणसासारखं सांगितलं.

आणि आपण? आपल्या भाषेत दुसऱ्याची खरडपट्टी काढली की त्याची बिनपाण्यानं केली. रिकामटेकड्याला आपण म्हणतो, "जा, हजामती करत बस." सातवीत मी गणितात नापास झालो तेव्हा माझ्या वडिलांनी, त्याच दुकानात, तोंडाला साबण लागलेला असताना सांगितलं, "शिकला नाहीस तर बापूकडंच बसवतो." बाकडं हसलं. बापू पण हसले. म्हणाले, "बसवा की. पण दोन वर्षं नुसता साबणच लावायला लागंल, कैचीला हात नाही." मला तेव्हा तो विनोद वाटला होता. आज वाटतं, खोलीत तेवढं एकच शहाणं वाक्य बोललं गेलं.

त्याच वडिलांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षं अंथरुणावर. बापू दर सोमवारी घरी यायचे. सोमवार, म्हणजे दुकानाच्या सुट्टीचा दिवस, ज्यांच्या पायाच्या शिरा आठवडाभर उभं राहून दोऱ्यांसारख्या फुगल्या होत्या त्यांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. वाकडं झालेलं तोंड डाव्या हातानं सरळ धरायचं आणि उजव्या हातानं दाढी करायची. वर पेठेतल्या बातम्या. वडिलांना बोलता यायचं नाही, पण सोमवारी सकाळपासून त्यांची नजर दाराकडं असायची. वडील गेले तेव्हा माझं डोकंही बापूंनीच केलं. मी पैसे द्यायचं विसरलो, तर त्यांनी मागून घेतले. "हे फुकट करायचं नसतंय," म्हणाले. पैसे कपाळाला लावले आणि मग घाटाच्या पायरीवर बसून रडले.

मार्च २०२० ला दुकान बंद झालं. जूनच्या २८ तारखेला सरकारनं परवानगी दिली ती फक्त केस कापायची, दाढी नाही. अर्धा धंदा दाढीचा. मध्ये एकदा मी त्यांना पाचशे रुपये नेऊन दिले, मोठेपणा वाटत होता मला. दुकान उघडल्यावर सात वेळा केस कापले, सत्तर रुपयांप्रमाणं, एकदाही पैसे घेतले नाहीत. सातव्या वेळी गल्ल्यातून दहाची नोट काढून माझ्या हातात दिली. "फिटलं." मला वाटलं होतं मी मदत केली. त्यांनी ते ॲडव्हान्समध्ये लिहून ठेवलं होतं.

एसी सलूनवर माझा राग नाही. तिथली पोरंही दिवसभर उभीच असतात. फक्त तिथं साडेतीनशे रुपये देताना आपण तोंड उघडत नाही आणि बापूंनी साठचे सत्तर केले तेव्हा बाकड्यावर सभा भरली होती. त्या सभेत मी होतो. "काय बापू, सोन्याची कैची आणली का?" हे माझंच वाक्य.

तर फोटो. शेवटी रात्री अकराला एका कॉलेजच्या पोरानं टाकला. नवा कट दाखवायला त्यानं समोरच्या आरशाचा फोटो काढला होता. पुढं त्याचं डोकं, मागं कंगवा धरून उभे बापू, थोडे हसलेले. सगळ्यांनी लगेच हात जोडले, "हेच, हेच बापू!" फ्लेक्सवाल्यानं पोराला कापून बापूंना मोठं केलं, पण मागचं कालनिर्णय उलटं दिसत होतं, म्हणून त्यानं फोटो फिरवून सरळ केला. झालं. गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला, कंगवा दुसऱ्या हातात गेला. पोरं म्हणाली, हे बापू वाटत नाहीत. मलाही वाटेनात. चाळीस वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना खुर्चीत बसून आरशातच पाहिलेलं.

दोन्ही फोटो घेऊन आम्ही काकूंकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला. उलट्यावरून बोट फिरवून पुढं गेल्या. सरळ फोटोवर थांबल्या.

"हे आमचे," म्हणाल्या.