संत्र्याच्या गावात नारिंगी

कूलरमधलं पाणी संपत आलं की त्याचा आवाज बदलतो, हे मला लग्नानंतर कळलं. आधी तो नुसता घोंघावत असतो, मग एकदम कोरडा खडखडाट सुरू होतो आणि घरातले सगळे, बादली उचलू शकेल अशा सगळ्यात तरुण माणसाकडे बघायला लागतात. फेब्रुवारीपासून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात तो माणूस मी आहे. नाशिकची मुलगी, डिझाईनच्या कोर्सचं दुसरं वर्ष, लग्न दोन सबमिशनच्या मधे उरकलेलं. सासरच्यांनी "शिकणं सोडू नको" असं सांगितलं आणि शब्द पाळला. फक्त मी नेमकं काय शिकते यावर घरात एकमत नाही. सासरे म्हणतात कॉम्प्युटर, सासूबाई म्हणतात ड्रॉइंग, आत्या म्हणतात फॅशन आणि नवरा म्हणतो, "ते पेन टूलचं काहीतरी." त्यातल्या त्यात नवराच बरोबर आहे, कारण तीन महिने मी त्या पेन टूलच्या पुढे गेलेलीच नाही.

मे महिन्यात एका दुपारी काका, म्हणजे चुलत सासरे, जेवायला आले. त्यांच्या मुलीचं लग्न जूनमध्ये. दुसऱ्यांदा वरण वाढताना माझा हात त्यांच्या ताटावर असताना ते म्हणाले, "पत्रिका बाहेर काहून द्यायची? घरात डिझायनर आणली नं आपण!"

'आणली' हे क्रियापद मी लक्षात ठेवलंय. फ्रीज आणला, कूलर आणला, डिझायनर आणली.

मी "हो काका" म्हणाले. नवी सून दुसरं काय म्हणणार? शिवाय मनात कुठेतरी वाटलंच की दाखवून देऊ एकदा. मोकळी, हवेशीर पत्रिका, एक कोयरी, नारिंगी रंग, चार ओळी. वर्गात शिकवलेलं सगळं. संध्याकाळी काकांनी मजकूर पाठवला.

मजकुराची फाईल उघडली तर आत इंग्रजी. इंग्रजी म्हणजे अक्षरं इंग्रजी, पण शब्द जगातल्या कोणत्याही भाषेतले नव्हेत. पहिलाच शब्द एफ, ओ, ओ, के, जी. सासरे चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. "व्हायरस आहे," ते म्हणाले, आणि लॅपटॉपपासून दोन पावलं मागे सरले. पुढचे दोन दिवस त्यांनी मोबाईलही माझ्या टेबलावर ठेवला नाही.

तो व्हायरस नव्हता, 'विवाह' होता. कृतिदेवमधला. आपल्याकडे वर्षानुवर्षं टायपिंग ज्या जुन्या फॉन्टमध्ये झालं, त्यात इंग्रजी कळांच्याच जागेवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी, ओच्या जागी व, केच्या जागी काना, जीच्या जागी ह. तुमच्याकडे तो फॉन्ट असेल तर 'विवाह' दिसतो, नसेल तर एफ-ओ-ओ-के-जी. संगणकाच्या दृष्टीने हा मजकूर कधी मराठी नव्हताच, नुसता मराठी कपडे घालून बसला होता. त्याचं युनिकोड, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, करून देणाऱ्या सोयी आहेत. मी केलं. बराचसा मजकूर नीट उतरला. आत्यांच्या यजमानांच्या नावातला रफार मात्र उडून पुढच्या अक्षरावर बसला आणि एक भारदस्त वकील भलत्याच माणसासारखे वाचले जाऊ लागले. मग चौकटीतली नावं मी मुकाट्याने एकेक करून हाताने टाईप केली, समोरच्या मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून. हे 'ताडून' पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

टाईप केलेलं डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं आणि रात्री अकरा वाजता माझ्या डोळ्यांदेखत मराठी भाषा मोडली. वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या त्या नंतर येऊन बसल्या. जोडाक्षरं सुटी झाली, प्रत्येकाच्या पायाला हलन्ताची शेपटी. 'श्री'चा श आणि र एकमेकांची ओळख नसल्यासारखे शेजारी उभे. आणि तेही लग्नाच्या पत्रिकेत!

त्यामागचं कारण मला आता पाठ आहे. युनिकोडमध्ये 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी अशीच साठवतात. ती उचलून पुढे आणून दाखवायचं काम सॉफ्टवेअरचं. सॉफ्टवेअर इंग्रजीच्या सवयीने चालत असेल तर ते जसं आलं तसं ओळीत मांडून मोकळं होतं. उपाय एका क्लिकचा आहे, पण ते क्लिक सेटिंगच्या पोटातल्या पोटात दडवलेलं, आणि त्यावर पाटी काय, तर 'मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया'. मी रात्री एक वाजेपर्यंत 'इंडिया' शोधत होते. नवऱ्याला उठवून ती पाटी दाखवली तर तो झोपेतच म्हणाला, "बरोबर आहे. नागपूर मे महिन्यात मध्यपूर्वेतच असते." बाहेर दिवसभराचं तापमान पंचेचाळीसच्या वर गेलेलं, गच्चीची फरशी अजून गरम. मी वाद घातला नाही. क्लिक केलं आणि सगळ्या वेलांट्या टपाटप आपापल्या जागी येऊन बसल्या, शाळेची घंटा झाल्यासारख्या.

मग कोयरी.

पेन टूल म्हणजे काय ते ज्यांनी वापरलं नाही त्यांना सांगते. तुम्ही एक ठिपका देता, दुसरा देता, आणि दोन्हींच्या मधे रेषा येते. ठिपका देताना माऊस दाबून ओढला तर त्या ठिपक्याला दोन मिशा फुटतात. मिशी ओढली की रेषा वाकते. एका बाजूची मिशी ओढली की दुसऱ्या बाजूची आपोआप हलते आणि तिकडची आधीच जमलेली रेषा बिघडते. हे गणित १९६० च्या दशकात पिएर बेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने मोटारींच्या पत्र्याची वळणं आखायला रुजवलं. त्याला कोयरी काढायची नव्हती, ही माझी एकच तक्रार.

मी कोयरीच्या कडेकडेने ठिपके देत गेले. रेषा जरा घसरली की अजून एक ठिपका. सत्तेचाळीस झाले. लांबून कोयरी, जवळून पाहिलं तर उंदराने कुरतडलेली कैरी. सासूबाई पोळ्या लाटता लाटता हात पुसत आल्या, कारण माझ्या तोंडून बहुधा काहीतरी नाशिकचं बाहेर पडलं होतं.

"काय करून राहिली तू?"

"कोयरी, आई."

त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "इतके ठिपके काहून दिले?"

"आकार नीट यावा म्हणून."

"ठिपके वाढवले की हात थरथरते नं," असं म्हणून त्या परत गेल्या. मी मागोमाग गेले. पोळपाटावर पीठ पसरलेलंच होतं. त्यात त्यांनी बोटाने तीन ठिपके टेकवले, शेंड्याला एक, फुगवट्याला एक, खाली एक, आणि न थांबता बोट फिरवलं. कोयरी झाली. मग तिच्यावरच पुढची पोळी लाटली.

आमचे सर तीन आठवडे हेच सांगत होते, ठिपके कमी करा, वळण ठिपक्यात नसतं, मिशांमध्ये असतं. मी दर वेळी मान हलवून वहीत लिहून घेतलं होतं. त्या रात्री तीन ठिपक्यांत कोयरी झाली. अर्थात अकराव्या प्रयत्नात. मला पोळपाट मिळाला नव्हता.

खरा छळ यानंतर सुरू झाला. त्याचं नाव 'रिकामी जागा'. माझ्या पत्रिकेत उजवीकडे खाली मी मुद्दाम बोटभर पट्टा मोकळा सोडला होता. वर्गात याला फार मान आहे, व्हाईट स्पेस म्हणतात. घरात ती प्रिंट फिरली आणि प्रत्येकाचं बोट बरोबर तिथेच टेकलं. "इथे काही राहिलं काय?" "ही जागा रिकामी काहून?" काकूंनी त्यात "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" सुचवलं, खाली पाच चिमुरड्यांची नावं. आत्यांना त्यांचं नाव पहिल्या ओळीत हवं होतं, पण पहिली ओळ मोठ्या काकांची. तेव्हा आत्यांची ओळ किंचित ठळक करायचं ठरलं, तशी मामेसासरेही ठळक झाले, आणि शेवटी सगळेच ठळक झाल्यामुळे प्रकरण पुन्हा होतं तिथे आलं. निमंत्रकांची नावं त्रेचाळीस. नवरा म्हणाला, पत्रिका आहे की मतदारयादी. माझ्या फाईलींची नावं बघून कोणालाही घरचं राजकारण कळेल: 'फायनल', 'फायनल आत्या', 'फायनल काकूंचा फोन आल्यावर'. घरच्या प्रिंटरवर काढलेला 'फायनल आत्या' कूलरसमोर वाळत ठेवला, तर कूलरच्या दमट हवेने शाई पसरून वधूच्या वडिलांचं नाव खालच्या गणपतीच्या सोंडेत मिसळलं. तेवढ्या एका गोष्टीवर कोणी सूचना केली नाही.

पण तो बोटभर पट्टा मी सोडला नाही. लग्नानंतर घरात मी ठामपणे 'नाही' म्हणालेली ती पहिली गोष्ट. माणसं काहीतरी वाचतील ती डोळ्याला विसावा मिळाला तर, असं काहीतरी मी म्हणाले. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "राहू द्या. ती शिकून राहिली नं."

छापायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले, मेट्रोने. तिच्या एका मार्गाचं नावच ऑरेंज लाईन. ज्या शहरात मेट्रोसुद्धा नारिंगी, ज्याच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, तिथे नारिंगी छापायला कितीसा वेळ लागणार, असं डबाभर गार हवेत बसून मला वाटत होतं.

गल्लीतल्या प्रेसमधल्या दादांनी पेनड्राईव्ह लावला आणि विचारलं, "कर्व्ह करून आणली काय?" म्हणजे अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर. केलं होतं. "ब्लीड?" म्हणजे कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर सोडलेला जादा रंग. तीन मिलिमीटर, चारही बाजूंनी. दादांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मग नमुना काढला आणि माझ्या हातात दिला.

कोयरी विटकरी होती.

पावसात भिजून वाळलेल्या विटेसारखी. मी म्हणाले, दादा, स्क्रीनवर तर कसा लखलखीत आहे बघा. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, तिथे उजेड आहे. इथे शाई आहे."

ते खरं होतं आणि मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग दाखवतो. छपाई सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर चालते, आणि झगझगीत नारिंगी त्या चौघींच्या आवाक्याबाहेरचा. त्या पिवळीत मजेंटा मिसळून जेवढं होतं तेवढं करतात. हवाच असेल तर वेगळी, पाचवी शाई घ्यायची. मी काकांना फोन लावला.

"पाचवी शाई कितीची?"

सांगितलं.

"चार पुरेत बापा," काका म्हणाले. "चारशे पत्रिका आहेत."

मी मजेंटा थोडी कमी केली, काळी काढून टाकली, आणि वीट जरा सुधारून पिकलेल्या आंब्याच्या सालीपर्यंत आली. दादा म्हणाले, "संत्रं म्हणून कोणी पत्रिका सोलून पाहते काय?" छपाईची प्लेट निघाली.

चारशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आला तेव्हा खरोखर छान दिसत होता. पहिली पत्रिका टेकडी गणपतीला द्यायची म्हणून काका ती वेगळी काढून घेऊन गेले. बाकीच्यांनी जमिनीवर बसून एकेक हातात घेतली आणि प्रत्येकाने पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधलं. मिळालं, बरोबर होतं, ठळक होतं. सगळे खूश. सासूबाईंचं बोट मात्र नावांवरून हळूहळू फिरत शेवटपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली.

"तू कुठे आहेस?"

मी पाहिलं. त्रेचाळीस नावं. त्यात माझं नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याच्या नावामागे 'चि.' होतं.

काकांनी पाठवलेली नावांची यादी दोन वर्षांपूर्वीच्या, त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेतली होती. वधूवर बदलले होते, स्थळ-वेळ बदलली होती, चौकट तशीच. दोन वर्षांपूर्वी मी नाशिकला माझ्या घरी होते आणि हा चिरंजीव होता. आणि मी ती यादी अक्षर न् अक्षर ताडून टाईप केली, त्याच्या मागचं 'चि.' पूर्णविरामासकट. सवयच नव्हती त्या यादीत स्वतःला शोधायची.

"तू तपासलं होतंस ना?" मी नवऱ्याला विचारलं.

"माझं नाव बरोबर आहे की," तो म्हणाला.

काकू खजील झाल्या, आत्यांनी दोष टायपिस्टला दिला, सासऱ्यांना तो व्हायरस परत आठवला. पुन्हा छापायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणाले जाऊ द्या, कोण बघतं. सासूबाई काही न बोलता उठल्या आणि गठ्ठ्यातून पाच पत्रिका मोजून काढल्या.

"ह्या नाशिकच्या. तुझ्या आईच्या हातात अशी पत्रिका जाईल काय?"

जाऊबाईंच्या मुलाच्या दप्तरातून त्यांनी स्केचपेन काढलं. कंपासपेटीत पेन शोधायचा वेळ नव्हता, हाताला आलं ते घेतलं. पहिल्या पत्रिकेवर 'चि.'वर काट मारली आणि त्या बोटभर रिकाम्या पट्ट्यात, पोळपाटावर फिरवतात तशा एका दमात, 'सौ.' लिहून माझं नाव लिहिलं, मग 'व श्री.' आणि त्याचं. स्केचपेन नारिंगी होतं, झगझगीत. माझ्या नावात ऱ्हस्व वेलांटी आहे. ती अक्षराच्या आधी, जिथे असायला हवी तिथेच आली.

तेवढ्यात कूलर खडखडला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.