गल्ल्यावर मेहुणा बसवा

शेठ, महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही म्हणून तुमची झोप उडाली आहे, हे कानावर आलं. परमिट रूम सहा टेबलांची. वर फॅमिली सेक्शन, ज्यात आजवर फक्त कांद्याची पोती बसली. माणसं अकरा. तरी दर महिन्याला पाच-सात खंबे कुठे जातात त्याचा पत्ता नाही. चोर आतलाच आहे, इथवर तुमचा तपास आला. पुढचं मी सांगतो. माझी पात्रता विचाराल तर बावीस वर्षं कोपऱ्यातलं टेबल, पाठ भिंतीला, तोंड काउंटरकडे. एवढ्या अनुभवाचा ऑडिटर एका क्वार्टरच्या फीमध्ये तुम्हाला जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही.

मापापासून सुरू करू. ७५० मिलीचा खंबा, ३० चा पेग, म्हणजे पंचवीस पेग. चौथीतलं गणित आहे. पण तुमच्या काउंटरवरचं स्टीलचं माप तुम्ही स्वतः शहरात जाऊन, चार दुकानं हिंडून आणलेलं. तळ आतून जरासा वर आलेला, काठोकाठ भरलं तरी २८ च्या पुढे जात नाही. शिक्का मारलेलं खरं माप गणपतीच्या फोटोमागे असतं; तपासणीला कुणी आलं की ते खाली उतरतं आणि पुन्हा देवाच्या हवाली होतं. बारटेंडरला पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलंत, ‘बर्फ आधी, माल नंतर, आणि हात हलका ठेव.’ पोरगा हुशार निघाला. त्याने हात आणखी हलका केला आणि २५ वर थांबायला लागला. आता ७५० ला २५ ने भागा. तीस पेग. जादा पाच पेगांतले पावणेदोन तुमच्या मापाचे, सव्वातीन त्याच्या हाताचे. तुमच्या पावणेदोनाला धंदा म्हणतात आणि त्याच्या सव्वातीनाला चोरी, हे त्याला एकदा नीट समजावून सांगायला हवं होतं. ट्रेनिंग तिथे कमी पडलं. गिऱ्हाइकाने काही म्हटलंय का? नाही. तो बर्फाकडे बघत असतो.

यावर उपाय म्हणजे वजनकाटा. सराफाकडे असतो तसला, ग्रॅममध्ये दाखवणारा. रोज रात्री प्रत्येक उघडी बाटली तोलायची, वहीत लिहायची. ४२.८ टक्क्यांची दारू पाण्यापेक्षा हलकी असते, १०० मिलीचं वजन साधारण ९५ ग्रॅम. तुम्ही हे गणित करून भिंतीवर कागद चिकटवलात, काय थाट होता तो! पोरांनी कागद वाचला. मग त्यांनी बाटलीतून पाच पेग काढले आणि तेवढंच पाणी आत सोडलं. रात्री तुम्ही बाटली तोललीत, तर ती कालच्यापेक्षा आठ ग्रॅम जास्त भरली. त्या रात्री तुम्ही किती आनंदात होतात ते मी पाहिलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा बारचा स्टॉक वाढला म्हणून तुम्ही मला चणे-शेंगदाणे फुकट दिलेत.

आता जरा गंभीर होतो, कारण पुढची युक्ती कळली नाही तर बाकी सगळं ऐकून उपयोग नाही. शॉर्टेज आलं तर घाबरू नका. स्टॉक अगदी थेंबापर्यंत जुळला तर घाबरा. असं बघा, तुमचा बारटेंडर संध्याकाळी येताना पलीकडच्या वाइन शॉपमधून छापील किमतीला एक खंबा घेतो. गावाकडचा दोस्त ट्रकवर असेल तर गोव्याची बाटली, आणखी स्वस्त. ती पिशवीतून काउंटरखाली येते, आणि रात्रभर तिच्यातले पेग तुमच्या ग्लासात, तुमच्या बर्फात, तुमच्या सोड्याबरोबर, तुमच्या रेटने विकले जातात. पैसे त्याच्या खिशात. तुमची बाटली जागची हललेली नसते. सकाळी स्टॉक मोजा, वजन करा, लेबलवर पेनाने रेघ मारा, सगळं तंतोतंत. चोरीच झालेली नाही, कारण तुमचं काही गेलंच नाही. गेलं ते गिऱ्हाईक. तुमच्या दुकानात त्याने स्वतःचं दुकान टाकलं आहे, भाडं नाही, लायसन फी नाही, लाइट बिल नाही. मला विचाराल तर या पोराला पगारवाढ देऊन धंद्यात भागीदार करून घ्यायला हवं, पण तुम्हाला ते पटणार नाही.

मग काय, प्रत्येक बाटलीवर आपला शिक्का मारा. कोपऱ्यात, लेबलला अर्धा आणि काचेला अर्धा. बिनशिक्क्याची बाटली काउंटरवर दिसली की माणूस पकडला. हा उपाय खरोखर चालतो, मी बघितलेला आहे. अडचण एवढीच की तुमच्या स्वतःच्या मागच्या खोलीत चार खोकी बिनशिक्क्याची निघतील, जी रजिस्टरात नाहीत आणि गोव्याच्या हद्दीवर, बांद्याच्या नाक्यावर दिसली असती तर इथवर आली नसती. तेव्हा शिक्का दोन रंगांत करा. निळा तुमच्या पांढऱ्या मालाला, लाल तुमच्या दुसऱ्या मालाला. पोरं तिसरा रंग आणतील, पण तोवर दिवाळी निघून जाईल.

केओटीबद्दल, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीबद्दल, थोडक्यात. ऑर्डर लिहिल्याशिवाय काउंटरवरून ग्लास हलू नये, असा नियम लावा. तुम्ही लावलाच आहे. फक्त नगरसेवकाचा भाचा आला, साहेब आले, तुमचे शाळेतले मित्र आले की ‘लिहू नको रे’ असं तुम्ही गल्ल्यावरून ओरडता. पोरांना वाटलं, काही टेबलांचं लिहायचं नसतं. कोणत्या टेबलांचं, एवढंच त्यांनी आपल्या सोयीने ठरवलं.

क्यूआर कोडचं मात्र बघाच. चार नंबरच्या टेबलावर मीठदाणीखाली जो स्टिकर आहे तो तुमचा नाही. मी तिथे दोनदा बिल दिलं, साउंड बॉक्स दोन्ही वेळा गप्प बसला.

कॅमेरे बसवलेत हे उत्तम केलंत. आठ कॅमेरे सहा टेबलांना, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे एक पडत असेल. मोबाइलवर थेट दिसतं म्हणे, मुलीच्या स्नेहसंमेलनात नाच सोडून तुम्ही काउंटर बघत होतात, वहिनी सांगत होत्या. पण काउंटरवरचा तो मुख्य कॅमेरा महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बंद पडतो. त्या वेळी कोण येतं, पाकीट कोणत्या खणातून निघतं, हे मी विचारत नाही. बटण कुठे आहे ते मात्र कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या म्होरक्याला, माहीत आहे, कारण दाबायला तुम्ही त्यालाच सांगता. पंधराची वीस मिनिटं व्हायला काय लागतं?

तीच गोष्ट परवान्यांची. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, त्याची पुस्तकं तुम्ही गठ्ठ्याने आणता. दुपारी धंदा थंड असताना मोरीवरच्या पोराला बसवून त्यात नावं भरून घेता. पोरगा पूर्वी वर्गमित्रांची नावं लिहायचा, ती संपल्यावर क्रिकेट टीम लिहिली, आता गावच्या ग्रामपंचायतीचं अख्खं पॅनल दारू पितं. पंचविशीच्या आतल्याला व्हिस्की-रम देता येत नाही, म्हणून सगळ्यांची वयं त्याने पस्तीस टाकली. इतक्या स्वच्छ अक्षरात खोटं लिहायला तुम्ही त्याला शिकवलंत, आणि आता तो उधारीच्या वहीतही लिहितो तर तुम्हाला नवल वाटतं.

असो. यंत्रांनी भागत नाही हे कळल्यावर माणूस घरचा माणूस शोधतो. गल्ल्यावर मेहुणा बसवा. तो बीकॉम आहे, दोन धंदे करून बसला आहे, आणि बहिणीचा शब्द तुम्हाला मोडता येत नाही. घरचा माणूस चोरी करत नाही. तो ‘घेतो’. शंभर-दोनशे पेट्रोलला घेतो, पाचशे मित्राच्या लग्नाला घेतो, आणि ‘दाजींना सांगितलंय’ म्हणतो. त्याची नोंद कशातच येत नाही, त्यामुळे शॉर्टेजचा आकडा लगेच खाली येतो. वेटर लोकांना तर मेहुण्याचा फार आधार वाटतो. आता जे काही कमी पडेल ते सगळं त्याच्या खात्यावर ढकलता येतं, आणि तो ते नाकारूही शकत नाही, कारण निम्मं खरं असतं.

काही अतिरेकी विचारांचे लोक तुम्हाला सांगतील की पगार वाढवा. त्यांच्या नादी लागू नका. ओडिशातून, नेपाळमधून आलेली ही पोरं सकाळी दहाला उभी राहतात आणि शटर अर्धं खाली आल्यावरही टेबलं पुसत असतात. झोपायला टेबलंच, दोन जोडून एक पलंग. जेवायला उरलेली डाळ. वर टिप मिळते. टिपेवर डोळा ठेवून तुम्ही पगार कमी ठेवलात, आणि मग फुटलेले ग्लास कापायला सुरुवात केलीत, एका ग्लासाला साठ रुपये, जो तुम्ही अठराला आणता. ग्लास फुटण्यात तुम्हाला बेचाळीस सुटतात, हे शोधून काढणारा माणूस अर्थमंत्री व्हायला हवा. १४ जुलै २०२५ ला करवाढीविरुद्ध राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद ठेवला, तेव्हा तुम्हीही कुलूप लावलंत. व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, उत्पादन शुल्क वाढलं, सरकार आमच्या खिशात हात घालतंय, असं तुम्ही चौकात उभं राहून बोललात. छान बोललात. त्या दिवसाचा पोरांचा पगार कापलात तेही बरोबरच, निषेध फुकट होत नसतो.

एवढं करूनही एखादा रंगेहाथ सापडलाच तर पोलिसात जा. भारतीय न्याय संहितेच्या ३०६ कलमात नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. वाचून बरं वाटतं ना? फक्त ठाण्यात जाताना दोन कागद न्या. एक, तो तुमचा नोकर आहे हे दाखवणारा. दोन, चोरीला गेलेली बाटली तुमच्या रजिस्टरात आहे हे दाखवणारा. मागच्या वेळी तुम्ही ठाण्याच्या पायरीवरून परत आलात आणि त्याच पोराला चहा पाजलात, ते मला आठवतंय. तो अजून तुमच्याकडेच आहे. कॅप्टन झाला.

शेवटचं, गांधीजयंतीचं तेवढं मिटवून टाकू. २ ऑक्टोबर, ड्राय डे. १ तारखेला रात्री तुम्ही स्वतः स्टॉक मोजलात, सही केलीत, दोन कुलपं लावलीत आणि किल्ल्या खिशात घातल्यात. पोरांना गावी जायला रात्रीची गाडी पकडून दिलीत. ३ तारखेला मोजलं तर एक खंबा कमी, आणि मोरीत तीन ग्लास न धुतलेले. आता एक तुमचा, एक मेहुण्याचा, तिसरा कुणाचा ते मी सांगायला नको. सल्लागाराला हिशेबाला बसावंच लागतं. पण वहीत तर काहीतरी लिहायला हवं. माझं ऐका, अकरा जणांत वाटून पगारातून कापून टाका. ते म्हणतील, शेठ, आम्ही तर त्या दिवशी गावाला होतो. म्हणू देत. सुट्टीवर होते हे दाखवायला हजेरीपुस्तकात आधी नाव लागतं.