नाथ पै म्हणजे फक्त भाषणं नव्हेत

१८ जानेवारी, नाथ पैंची पुण्यतिथी, आली की आमच्या सिंधुदुर्गात ज्याच्या त्याच्या वॉलवर बॅरिस्टर नाथ पैंचा फोटो, आणि खाली तेच, फर्डे वक्ते. वक्ते होतेच हो. आमचे आजोबा वेंगुर्ल्यातल्या सभेचं सांगायचे, पेट्रोमॅक्सचा उजेड, बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या, "बॅरिस्टर इले" कळलं की बंदरावरची माणसं जाळी अर्धवट शिवायची टाकून पळायची. पण मी स्वतः इकडे तालुका कोर्टात वकिली करतो आणि मला वाटतं त्यांच्यातला वकील आपण पार विसरलो.

१९६७ साली सुप्रीम कोर्टात गोलकनाथ केसचा निकाल लागला, ११ जज, ६ विरुद्ध ५, की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. तेव्हा विरोधी बाकावरचा, प्रजा समाजवादी पक्षाचा हा राजापूरचा खासदार उठला आणि त्याने घटनादुरुस्तीचं खाजगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एकट्या खासदाराने मांडलेलं, आणलं, की लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करता आला पाहिजे. खाजगी विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात आणि बहुतेक तिथेच विरून जातात, हे मात्र संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेलं, देशभरातल्या कायदेवाल्यांना त्यावर बोलावं लागलं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली, विधेयक बुडालं, आणि तीन आठवड्यांत बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं ४८. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, इंदिरा सरकारने २४वी घटनादुरुस्ती करून संसदेला तोच अधिकार दिला, ते बघायला हा माणूस नव्हता, ह्याची मला आजही हळहळ वाटते.

त्यांचं म्हणणं मला सगळंच पटतं असं नाही. १९७३ च्या केशवानंद निकालाने दुरुस्ती करा पण घटनेचा गाभा मोडू नका म्हटलं ते योग्यच, आणीबाणीत काय काय झालं ते आपण बघितलंय. पण नाथ पैंशी असहमत व्हायला पण आधी त्यांचा युक्तिवाद वाचावा लागतो ना, आणि तो कोण वाचतो? आमच्या बार रूममधल्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतल्या, नव्या पोरांना केशवानंद तोंडपाठ, पण त्याच्या मुळाशी वेंगुर्ल्याच्या माणसाचं विधेयक आहे म्हटलं की विचारतात, आपले नाथ पै?

लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या साईटवर फुकट आहेत. १९६७ पासूनच्या ह्या विधेयकावरच्या मी प्रिंट काढून बार रूममध्ये ठेवतोय, कुणाला झेरॉक्स हवी तर कमेंटमध्ये सांगा.