स्रेब्रेनिकाची माणसं 'लढाईत मेली' म्हणणाऱ्यांना

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिका शहरात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले, ते खोटं ठरवणारी. स्रेब्रेनिकात मेलेले सगळे लढताना मेले, आठ हजार हा आकडा फुगवलेला, आणि मृतदेह इकडून तिकडे हलवलेले म्हणजे पुराव्यात दम नाही, वगैरे. 'दुसरी बाजू पण कळू दे' म्हणून चांगली शिकलेली माणसं फॉरवर्ड करतायत, याचा मला खरंच त्रास होतो.

आधी लढाईचं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकातून जंगलामार्गे तुझला शहराकडे पळून निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, त्यात काही जण लढतानाच मेले, ते कोणी नाकारत नाही. पण बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रस्तिच याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेल्या खटल्याचा निकाल वाचा, सामूहिक कबरी उकरल्या तेव्हा १० ठिकाणी मिळून किमान ४४८ डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्या आणि १३ ठिकाणी मिळून ४२३ बंध, म्हणजे माणसं बांधायला वापरलेल्या दोऱ्या, तारा, चिंध्या. डोळे आणि हात बांधलेला माणूस कसली लढाई लढणार होता?

आता मृतदेह हलवल्याचं. हलवले, बरोबर, पण कोणी? ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेने या कबरींच्या जागांचे विमानातून काढलेले फोटो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत दाखवले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने जेसीबीसारखी मशिनं लावून आपणच भरलेले खड्डे उपसले, ट्रकमध्ये भरून लांब नेऊन परत पुरलं. १४ सप्टेंबरचा त्यांच्याच मुख्यालयाचा आदेश आहे, 'इंजिनिअरिंगच्या कामासाठी' ५ टन डिझेल द्या म्हणून. आणि कोझलुक गावात जिथे माणसं मारली तिथे बाटल्या भरायच्या कारखान्याचा कचरा टाकायचे, हिरव्या काचेचा नुसता खच. तीच हिरवी काच आणि तीच बाटल्यांची लेबलं कितीतरी किलोमीटर लांब चांचारी रस्त्याकडेच्या कबरीत मृतदेहांसोबत निघाली. म्हणजे हलवाहलवीने पुरावा पुसला गेला नाही, लपवालपवीचाच पुरावा तयार झाला.

आकड्याचं उत्तरही यातच आहे. मशिनने उपसल्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन कबरींत विखुरली, त्यामुळे कवट्या मोजून काही कळणार नव्हतं. मग नातेवाइकांचं रक्त घेऊन हाडांच्या डीएनएशी जुळवत बसले, वर्षानुवर्षं, आणि जवळपास ७,००० जणांची ओळख नावानिशी पटली. स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारीच्या स्मारक-दफनभूमीत दर ११ जुलैला, ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही घरांनी थोडी हाडं मिळाली ती पुरली, पुढे अजून सापडली तेव्हा कबर पुन्हा उघडावी लागली. फुगवलेला आकडा म्हणायच्या आधी त्या आयांचा तरी विचार करा.

राहिलं 'हा सगळा पाश्चिमात्यांचा बनाव'. द्राझेन एर्देमोविच हा त्याच सैन्यातला, गोळ्या झाडणाऱ्यांपैकीच एक. १६ जुलैला ब्रान्येवोच्या शेतावर बसमधून माणसं आणून साधारण १,२०० जणांना मारलं, असं त्याने स्वतः कबूल केलं, आणि १९९६ मध्ये तिथे उकरलं तेव्हा हात बांधलेले मृतदेह निघाले. ज्यांनी ज्यांनी ती पोस्ट ग्रुपवर टाकलीये त्यांनी प्लीज काढून टाका.