शीग काठाच्या वर असते

'काठोकाठ, तुडुंब आणि शिगोशीग हे शब्द एकमेकांच्या जागी कुठेही चालतात' हे लेखातील विधान पटले नाही. पायली-शेरासारख्या मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग, आणि म्हणूनच शिगोशीग भरते ते धान्य किंवा पीठ. दूध काठोकाठच भरते, पुढे ते सांडते. आमच्या आजीने शेजारणीला उसनी ज्वारी शीग लावून दिली की हात फिरवून सपाट केलेल्या मापाने, हे दोघींच्याही पक्के लक्षात असे, कारण परतफेड तशाच मापाने व्हायची. मेट्रिक पद्धत आणणाऱ्या १९५६ च्या कायद्यानंतर वजनावर विक्री रुळली, मापे अडगळीत गेली आणि बहुधा त्यामुळेच हा फरक आता जाणवेनासा झाला आहे. तुडुंब तर विहिरीला, नदीला, फार तर नाट्यगृहाला शोभते. चहाचा कप तुडुंब भरला असे कोणी म्हणत नाही.

'भरणे' या क्रियापदाला मात्र लेखात एकच ओळ मिळावी, याचे आश्चर्य वाटले. गर्भवतीचे दिवस भरले म्हणजे बाळंतपण जवळ आले, आणि तेच शब्द भांडणात कोणाला ऐकवले तर त्याचा शेवट जवळ आला.