मशीन काय, पोचेल!

अभिनंदन! हॅनोव्हर मेसेला स्टॉल बुक झाला. १९४७ पासून जर्मनीत भरणारं औद्योगिक प्रदर्शन, आणि त्याच्या यादीत आता भोसरी एमआयडीसीतल्या तुमच्या कंपनीचं नाव. कंपनीच्या ग्रुपवर फोटो पडला, पेढे वाटून झाले. आता उरलं एकच महत्त्वाचं काम, ब्लेझरचा रंग ठरवणं. मशीन इथून तिथे कसं जाणार, असं मीटिंगमध्ये कोणी विचारलंच तर त्याच्याकडे जरा दयेने बघा आणि म्हणा, "अरे, चार महिने आहेत अजून. मशीन काय, पोचेल!"

हे चार महिने बॅकड्रॉपसाठी वापरा. त्यावर गिअर असावा की उगवता सूर्य, का सूर्यातूनच गिअर उगवावा, हा प्रश्न चार महिन्यांत सुटला तरी पुष्कळ. ब्रोशर जाड कागदावर काढा. घरच्या मंडळींची तिकिटं मात्र आजच काढून टाका, नंतर महागतात. स्वित्झर्लंड जवळच आहे. वाहतुकीसाठी बजेटमध्ये वेगळी ओळ ठेवायची गरज नाही. "किरकोळ" या रकान्यात ती सहज बसते.

तारखांचं गणित करायचंच असेल तर शेवटाकडून मागे येऊ नका, त्याने झोप उडते. प्रदर्शन एप्रिलच्या आसपास असतं. न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला जहाजाला किती दिवस लागतात ते एखाद्या जुन्या ईमेलमधून उचला. तो ईमेल २०२३ च्या आधीचा असेल तर उत्तमच. तेव्हा जहाजं सुएझ कालव्यातून जात होती. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हौथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. त्यात दहा ते चौदा दिवस जास्तीचे जातात. पण येमेनमधल्या भांडणाचा आणि भोसरीतल्या स्पेशल पर्पज मशीनचा काय संबंध? २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं एक जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं पडलं होतं, तेव्हाही आपला माल थोडाच त्यावर होता!

त्यात ईस्टर याच दिवसांत येतो. गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंत जर्मनीतली ऑफिसं बंद. एरवीही साडेसात टनांपेक्षा मोठे ट्रक तिकडे रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर येत नाहीत, तसा कायदाच आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हरला दोनशे रुपये जास्त दिले की तो रविवारीही येतो, हा आपला अनुभव आहे आणि माणूस शेवटी सगळीकडे सारखाच.

फेब्रुवारीत प्रदर्शनाचं मशीन रंग लागून तयार उभं राहील. अगदी त्याच आठवड्यात तुमचं एखादं जुनं गिऱ्हाईक येईल, मशीनभोवती एक फेरी मारेल आणि म्हणेल, "शेठ, हेच द्या. पेमेंट मार्चच्या आत." देऊन टाका. मार्च एंडिंगला बिलिंग सोडून हॅनोव्हरचं मशीन जपत बसणारा माणूस धंद्यात टिकत नाही. दुसरं मशीन असेंब्लीत आहेच. रंग ओला असतानाच त्यावर श्रिंक रॅप मारता येतं.

या अदलाबदलीची खबर फक्त एका माणसाला देऊ नका. तो म्हणजे डिस्पॅचचा नवीन पोरगा, ज्याच्याकडे तुम्ही कार्नेचं काम दिलंय. एटीए कार्ने म्हणजे मशीनचा पासपोर्ट म्हणा ना. प्रदर्शनापुरता माल ड्युटी न भरता परदेशात न्यायचा आणि परत आणायचा, त्याची ही सोय. आपल्याकडे तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्यात एक यादी असते. वस्तू, नग, वजन, किंमत, मूळ देश, आणि मशीन असेल तर सीरियल नंबर. एकदा कार्ने निघाला की त्या यादीत नवी वस्तू घालता येत नाही. पोराने यादी केली ती पहिल्या मशीनची नेमप्लेट वाचून, मोबाइलवर फोटो काढून, अगदी मन लावून. ते मशीन आता चाकणला गिऱ्हाईकाच्या शेडमध्ये उत्पादन काढतंय. नेमप्लेट बदलून घ्यायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येईलच. येऊ द्या. कंट्रोल पॅनलवरचा आणि मोटरवरचा नंबर कस्टम्सवाले थोडेच बघतात!

यादीतल्या बाकीच्या नगांसाठी "स्पेअर्स व इतर साहित्य, १ सेट" एवढं पुरे. मोघम लिहिलं की त्यात सगळं बसतं, असा आपल्याकडे समज आहे. तो बंदराच्या गेटपर्यंत टिकतो. ब्रोशर, पेनं, टोप्या आणि की-चेनही त्यातच घाला. वाटून संपणाऱ्या वस्तू कार्नेवर जात नाहीत, कारण जे परत येणार नाही त्याला परत येण्याचं वचन कसं द्यायचं, असा त्या नियमामागचा विचार. फारच शाब्दिक लोक.

अकाउंट्सला यात आणायचं का? आणा, पण पुरतं सांगू नका. प्रदर्शनासाठी परदेशात जाणारा माल म्हणजे विक्री नव्हे. तो डिलिव्हरी चलनावर जातो आणि सहा महिन्यांत विकला तरी पाहिजे किंवा परत आणला तरी पाहिजे, असं २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट आहे. तुमचे अकाउंटंट मात्र सवयीने टॅक्स इन्व्हॉइस फाडतील. मार्चमध्ये टर्नओव्हर तेवढाच चांगला दिसेल.

आता पेटी. आपल्याकडे मशीनची उंची ड्रॉइंगवरून कळवतात आणि ड्रॉइंगमध्ये १९५० मिलिमीटर लिहिलेलं असतं. त्यावर २५० मिलिमीटरचा टॉवर लॅम्प असतो, लाल-पिवळा-हिरवा. तो इलेक्ट्रिकलवाल्यांनी बसवलेला, म्हणून मेकॅनिकलच्या ड्रॉइंगमध्ये नाही. खाली १५० चं स्किड, म्हणजे मशीनखालची लाकडी बैठक. ते पॅकिंगवाल्याचं, म्हणून कुणाच्याच ड्रॉइंगमध्ये नाही. वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची साधारण २२८० मिलिमीटर. बेरीज घरी करा, ऑफिसात नको. सुतार मात्र अडत नाही. चार स्क्रू काढून लॅम्प उतरवायचा अधिकार त्याला नसतो, म्हणून तो पेटीच्या झाकणाला चौकोनी भोक पाडतो, लॅम्प बाहेर काढतो आणि त्यावर प्लास्टिकची बादली उलटी घालून सुतळीने बांधतो. पावसापासून संरक्षण म्हणून.

लाकडाचीही एक गंमत आहे. परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड तापवलेलं लागतं. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, नाहीतर त्यातून किडे प्रवास करतात. साल काढलेली हवी, आणि गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. आयएसपीएम १५ म्हणतात त्याला. तुम्ही शिक्केवाली पेटी मागवाल, तेवढे तुम्ही व्यवहारी आहात. पण मशीन आत हलू नये म्हणून सुतार शेवटच्या क्षणी खाली दोन गुटके ठोकेल. ते गुटके समोरच्या बांधकामावरून आणलेल्या शटरिंगच्या फळीचे असतील. एका बाजूला वाळलेलं सिमेंट, दुसऱ्या बाजूला साल जशीच्या तशी. मजबूत काम. जर्मन तपासनीस पेटीचा शिक्का बघतो आणि मग टॉर्च घेऊन आत वाकतो. इतकं वाकायची काय गरज आहे, हे त्याला समजावून सांगण्याइतकं जर्मन आपल्याला येत नाही.

पेटी बंद व्हायच्या आत मालकीणबाई उद्घाटनाचं सामान पाठवतील. समई, हळद-कुंकू, नारळ आणि पेढ्यांचे दोन किलोचे डबे. मशीनच्या दाराआड छान जागा असते. नारळाची काळजी नको. फळं-भाज्यांसाठी युरोपला रोपस्वच्छता प्रमाणपत्र लागतं, पण ज्या मोजक्या फळांना त्यातून सूट आहे त्यांत नारळ आहे. आपल्या देवांनी तिथेही वशिला लावलेला दिसतो. दुधाच्या पदार्थांना मात्र वशिला नाही. त्यामुळे तुमचं सव्वादोन टनांचं मशीन पेढ्यांपायी अडकून पडेल, आणि कारण विचारलं की तुम्ही सगळ्यांना "डॉक्युमेंटेशन इश्यू" असं सांगाल.

वजनाचंही तेच. पॅकिंग लिस्टमध्ये "अंदाजे १८०० किलो" लिहा. पलीकडे त्या आकड्यावर फोर्कलिफ्ट ठरते.

एवढं सगळं नीट पार पाडलं की जहाज चुकेल. घाबरू नका, विमान आहे ना. बॅकड्रॉपच्या पॅनेलची पेटी हलकी आहे, जेमतेम ३०० किलो. पण ती सहा घनमीटरची आहे, आणि विमानात घनमीटरला १६७ किलोच्या हिशेबाने मोजतात. म्हणजे भाडं हजार किलोचं. सूर्य आणि गिअर तुम्ही मोठे काढायला लावले होते, तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. मशीनच्या पेटीचं तर आणखी सोपं आहे. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंटिमीटरपर्यंतच उंची मावते, म्हणून ती मालवाहू विमानानेच जाणार, बादलीसकट. "किरकोळ" रकाना आता पानाबाहेर जाईल. त्या भाड्यात टॉवर लॅम्पचे चार स्क्रू किती वेळा काढता आले असते, हे कोणी मोजत नाही. लेबर आपल्याकडे स्वस्त आहे.

हॅनोव्हरला पोचल्यावर तुम्ही सवयीने खिशातून फोन काढाल आणि हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, शोधाल. भोसरीत फोन केला की हायड्रा दहा मिनिटांत येते, वर ड्रायव्हर चहाही मागत नाही. तिथे मैदानात फोर्कलिफ्ट आणि क्रेन फक्त प्रदर्शनाने नेमलेल्या वाहतूकदारांच्या चालतात, आणि त्यांची वेळ आधी घ्यावी लागते. अवजड मशीनं आधी आत जातात, भिंती नंतर उभ्या राहतात. तुम्ही स्टॉलवाल्याला आधी बोलावलंय. त्याने सूर्य उभा केला, गालिचा घातला, शेजारच्या कंपनीनेही भिंत उभारून रस्ता निम्मा केला. आणि आता तुमची वेळ झाली आहे. फोर्कलिफ्टवाला चाव्या हातात घेऊन शांतपणे बघतो. तो ओरडतही नाही, हीच तर पंचाईत. ओरडला असता तर आपल्याला काहीतरी बोलता आलं असतं.

रिकाम्या पेट्यांवर हॉल आणि स्टॉल नंबरचं स्टिकर लावून त्या ठेवणीला पाठवायच्या असतात. स्टॉलमागे ठेवू देत नाहीत, आगीचे नियम. स्टिकर न लावता बाहेर कडेला ठेवा. तिथे बेवारस पेटी म्हणजे कचरा, आणि कचरा उचलायचं बिल वेगळं येतं. परत येताना मशीनला पेटीच नसणार, तेव्हा नवी तिथेच करून घ्यायची, युरोमध्ये.

परतीचा विचार तर अजिबात करू नका. सगळी तयारी जाण्याची असते. आरती ओवाळली जाते ती ट्रक निघताना, ट्रक आल्यावर कोणी ओवाळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शन संपतं आणि तुमची झुरिकची गाडी त्याच संध्याकाळची आहे. मशीन गुंडाळायला, पेटीची वाट बघायला आणि कार्नेवर शिक्के मारून घ्यायला डिस्पॅचचा पोरगा ठेवला असता, पण व्हिसा त्याच्याऐवजी मेहुण्याचा काढला. मेहुण्याला काम समजावून सांगा. पिवळी पानं आपल्या कस्टम्सची, माल निघताना आणि परत येताना. पांढरी तिकडच्या कस्टम्सची, आत शिरताना आणि बाहेर पडताना. मेहुणा म्हणेल, "काय एवढं, कागदच ना." आणि कार्ने सामानात घालून झुरिकला येईल. मशीन मग एजंटने दुसऱ्याच कागदावर जहाजात चढवलं तरी तुम्हाला कळणार नाही.

आणि तिथल्या कोणी मशीन पसंत करून "इथेच ठेवा, आम्ही घेतो" म्हटलं तर लगेच हात मिळवा, फोटो काढा. परत यायच्या बोलीवर नेलेला माल ड्युटी आणि १९ टक्के आयात व्हॅट भरल्याशिवाय तिथे विकता येत नाही, ही गोष्ट फोटोत दिसत नाही.

वर्ष-सव्वा वर्षाने एक पत्र येईल. जर्मन कस्टम्सच्या दप्तरात माल आत शिरल्याचा शिक्का आहे, बाहेर पडल्याचा नाही, तेव्हा ड्युटी आणि कर भरा. कार्नेची हमी फिक्कीने दिलेली असल्याने मागणी तिच्यामार्फत तुमच्याकडे येते. तुम्ही म्हणाल, मशीन समोर शेडमध्ये उभं आहे, या आणि बघा. पण परत येतानाच्या पिवळ्या पानावरही शिक्का नाही, आणि मशीनचा सीरियल नंबर कार्नेवरच्या नंबराशी जुळत नाही. चिडू नका. कागदोपत्री तुमचं एक मशीन आजही जर्मनीत आहे. नव्या ब्रोशरमध्ये पहिल्याच पानावर घाला, जाड अक्षरांत: "युरोपात कायमस्वरूपी उपस्थिती".